टॅबला मराठी येतं का, तेवढं खोक्यावर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून आपल्या वृत्तपत्रात टॅबच्या पान पान भरून जाहिराती येत आहेत. प्रत्येकीत एक शब्द सगळ्यांत मोठ्या टायपात असतो, ‘एआय’. त्या शब्दावर भरवसा ठेवून मी २७,००० रुपये घातले आणि मला हवं ते त्या टॅबमध्ये निघालं नाही. तुमचे वाचक मुलांसाठी, आईवडिलांसाठी, स्वतःच्या कामासाठी असा टॅब घ्यायचा विचार करत असतील. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. जागेसाठी कापावं लागलं तर जरूर कापा, फक्त दुकानात विमान मोड लावून बघण्याचा भाग तेवढा ठेवा.

मी सांगलीत खणभागात राहते. मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफरीडिंग, हे माझं काम. १९९१ साली छापखान्यात लागले तेव्हा एका खोलीत ट्रेडल धडधडायचं, कंपोझिटर उभ्यानं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे आणि शेजारच्या खोलीत नुकताच संगणक आला होता. ओल्या शाईच्या गॅल्या, म्हणजे कच्ची प्रुफं, हातात घेऊन मी शिकले. आता प्रकाशक पीडीएफ पाठवतात, मी टॅबवर पेननं खुणा करते आणि फाइल परत धाडते. पानाला १५ रुपये मिळतात. २७,००० म्हणजे १,८०० पानं. सहा-सात पुस्तकं ओळीनं, अक्षरानं वाचायची, तेव्हा कुठे एक टॅब येतो.

आधीचा टॅब ३ जीबी रॅमचा होता. फोटो असलेलं साडेतीनशे पानांचं पुस्तक उघडलं की पान उलटायला तो इतका वेळ घ्यायचा की आधीची ओळ डोक्यातून निघून जायची. एका संध्याकाळी तो मध्येच बंद पडला आणि ४२ पानांवरच्या खुणा गेल्या. नवा घ्यायचाच होता. भाचा म्हणाला, “मावशी, आता घेतेच आहेस तर एआयवाला घे. चुका तोच काढून देईल.”

मला ते पटलं, आणि त्याला कारण आहे. छापखान्यात आम्ही दोघं मिळून प्रुफं वाचायचो. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. गळलेला शब्द कानाला लगेच कळतो. घरी काम सुरू केल्यापासून तो दुसरा माणूस राहिला नाही. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. संध्याकाळनंतर अनुस्वाराचा टिंब आहे की पडद्यावरची धूळ, हे बोटानं पुसून बघावं लागतं. एखादं यंत्र दुसरा माणूस होऊन बसत असेल तर मला ते मनापासून हवं होतं, आजही हवं आहे.

पण ते टॅबच्या आत हवं होतं. बाहेर कुठल्या तरी सर्व्हरवर नको होतं. लेखक माझ्याकडे बाड देतो ते विश्वासानं. काही वर्षांपूर्वी एका बाईंचं आत्मकथन माझ्याकडे आलं होतं. लग्नाच्या पहिल्या दहा वर्षांत त्यांनी जे सोसलं ते सगळं त्यात होतं, माणसांच्या खऱ्या नावांसकट. शेवटच्या प्रुफाला त्यांनी दोन नावं बदलली आणि एक प्रकरण पूर्ण काढलं. ते काढलेलं प्रकरण जगात तीनच जणांनी वाचलं आहे: त्यांनी, प्रकाशकांनी आणि मी. ते मी चुका तपासायला म्हणून इंटरनेटवर चढवलं असतं तर? छापखान्यात पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं की प्रुफाचा कागद घरी न्यायचा नाही, रद्दीतसुद्धा फाडून टाकायचा. ही शिस्त मी आता मोडणार नाही.

दुसरं कारण नेटचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, आणि मी दोन बाडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर नेऊन बसले. पूर रोज येत नाही. पण रेंज जाणं आमच्याकडे पावसाळ्यात नेहमीचं आहे. ‘बिल्ट-इन’ म्हणजे आतच असलेलं, असा शब्दाचा सरळ अर्थ मी धरला.

दुकानातला मुलगा नम्र होता, त्याला मी दोष देत नाही. “काकू, यात एआय आहे आणि रॅम १६ जीबी आहे, पाच वर्षं बघायला नको,” असं त्यानं सांगितलं. खोक्यावरही १६ छापलेलं होतं. घरी आणून खोकं नीट वाचलं तेव्हा १६ च्या खाली बारीक टायपात ‘८+८’ दिसलं. आठ जीबी खरी रॅम आणि आठ जीबी ‘व्हर्च्युअल’. माझं काम बारीक टायप वाचण्याचंच आहे, आणि तो मी पैसे देण्याआधी वाचला नाही, याचं फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी परत गेले तर खोकं उघडलं म्हणून टॅब परत घेत नाहीत, असं उत्तर मिळालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला तेव्हा ठाऊक नव्हता.

ही व्हर्च्युअल रॅम काय असते ते भाच्यानं समजावलं आणि मला ते छापखान्याच्या भाषेत कळलं. खिळ्यांची केस, म्हणजे खणांची पेटी, कंपोझिटरच्या हाताशी उघडी असते, ती रॅम. जादा खिळे मागच्या कोठारात ठेवलेले असतात, ते स्टोरेज. कोठाराचा एक कोपरा आखून ‘ही पण केसच’ असं म्हटलं तरी प्रत्येक अक्षराला उठून तिथवर जावंच लागतं. चार ॲप मागे उघडी ठेवायला ती सोय चालेल. पण एआयचं मॉडेल काम करताना सगळंच्या सगळं हाताशी लागतं. ॲपल आपल्या उपकरणांत जे मॉडेल ठेवतं ते साधारण ३ अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे तेवढ्या आकड्यांचं, आहे. गुगलच्या तशाच जेमिनी नॅनो या मॉडेलचं मोठं रूप सव्वातीन अब्जांचं होतं. एकेका आकड्याला अर्धा बाइट धरला तरी दीड जीबीच्या वर जागा एकट्या मॉडेलला लागते, आणि तीही पीडीएफ, कीबोर्ड, पडदा हे सगळं चालू असताना मोकळी असावी लागते. तीन-चार जीबीच्या टॅबला ते पेलत नाही ते यामुळे.

टॅब घेताना ‘प्रोसेसर किती ताकदीचा’ एवढंच विचारून भागत नाही, हे मला आयपॅडच्या उदाहरणावरून पटलं. ॲपलनं २०२२ साली आणलेल्या साध्या आयपॅडमध्ये ए-१४ ही चिप आहे. तिचा एआयसाठीचा भाग सेकंदाला ११ लाख कोटी क्रिया करतो. २०२१ च्या आयपॅड प्रोमधल्या एम-१ चिपचा तो भागही तेवढ्याच, ११ लाख कोटी क्रिया करतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडमध्ये ए-१६ आहे, तिचा आकडा १७ लाख कोटींच्या आसपास. आता ॲपलची एआय सुविधा यांतल्या कशावर चालते? २०२१ च्या प्रोवर चालते. २०२२ च्या आणि २०२५ च्या साध्या आयपॅडवर चालत नाही. म्हणजे चार वर्षं जुना चालतो आणि त्याच्याहून वेगवान भाग असलेला नवा कोरा चालत नाही. चालणाऱ्या प्रत्येक आयपॅडमध्ये किमान ८ जीबी रॅम आहे. न चालणाऱ्यांत ती कमी आहे, आणि साध्या आयपॅडच्या माहितीपत्रकात कंपनी रॅमचा आकडा देतच नाही. गिऱ्हाइकानं निवड करायची तरी कशावरून? ज्यांना इंग्रजी कामासाठी ही सुविधा हवी आहे त्यांनी एम-१ किंवा त्यापुढची चिप असलेला आयपॅड एअर किंवा प्रो घ्यावा, नाहीतर ए-१७ प्रो चिपचा मिनी. जुना, तपासून विकलेला मिळाला तरी हरकत नाही. त्या सुविधेसाठी ७ जीबी स्टोरेजही मोकळं लागतं, तेही ध्यानात ठेवावं.

इंग्रजी कामासाठी असं मी मुद्दाम म्हटलं.

त्या २७,००० च्या टॅबचा अनुभव घेऊन सहा महिन्यांनी मी दुसऱ्या दुकानात गेले तेव्हा तयारीनं गेले. एका कागदावर एक वाक्य लिहून नेलं होतं: ‘कवी संमेलनाला आलेल्या आचार्यांनी दोनशे माणसांचा स्वयंपाक केला.’ यात दोन चुका आहेत. ‘कविसंमेलन’ हा एक शब्द, आणि समासात त्यातला वि ऱ्हस्व. आणि स्वयंपाक केला तो आचाऱ्यांनी, आचार्यांनी नव्हे. त्या एका ‘ऱ्या’साठी मी आयुष्यभर काकपदं, म्हणजे गळलेलं अक्षर दाखवायच्या खुणा, टाकली आहेत. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हिंदीत हा फरकच नाही. मराठीत तो नसेल तर वाक्य बदलतं.

दुकानदारांनी मला तीन टॅब हाताळू दिले, त्यांचे आभार मानते. एकावर मी वाक्य टंकलं, ते निवडलं आणि ‘प्रूफरीड’वर बोट ठेवलं. ही भाषा चालत नाही, अशी सूचना इंग्रजीत आली. दुसऱ्यावर सुविधांच्या भाषांची यादी उघडली. यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. तिसऱ्यावर मदतनीस ॲप होतं, त्याला विचारलं. त्यानं ‘कविसंमेलनाला’ केलं, ‘आचाऱ्यांनी’सुद्धा केलं. खरं सांगते, मला आनंद झाला. मग पुढचा शब्द पाहिला. ‘माणसांचा’ होतं तिथे त्यानं ‘लोकांचा’ लिहिलं होतं. मी न सांगता. लेखकाचा शब्द बदलायचा अधिकार मुद्रितशोधकाला नसतो. शंका आली तर पानाच्या कडेला, समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाला विचारायचं. यंत्रानं शब्द बदलला आणि बदलल्याचं सांगितलंही नाही.

त्यानंतर मी तिन्ही टॅबवर विमान मोड लावला. वरची पट्टी खाली ओढली की विमानाचं चित्र दिसतं, त्यावर बोट ठेवायचं आणि वायफाय बंद झालं आहे याची खात्री करायची. एवढंच. मग तेच वाक्य पुन्हा दिलं. तिसऱ्यावरचा मदतनीस गप्प झाला. इंटरनेट जोडा, म्हणाला. पहिल्यावर इंग्रजी परिच्छेद दिला तर नेटशिवायही दुरुस्त होऊन आला. म्हणजे आत काहीतरी आहे, ते खोटं नाही. पण जे आत आहे त्याला मराठी येत नाही, आणि ज्याला मराठी येतं ते आत नाही.

हे कळल्यावर माझा निवडीचा सगळा हिशेब फिरला. गुगलचं जेमिनी ॲप जून २०२४ मध्ये भारतात आलं ते नऊ भारतीय भाषांसह, त्यांत मराठी आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्या ॲपला मराठीत काही विचारलं की काम होतं दूरच्या सर्व्हरवर, हातातल्या टॅबमध्ये होत नाही. मग त्यासाठी ८०,००० चा टॅब घेतला काय आणि १८,००० चा घेतला काय, उत्तर तेच आणि तेवढ्याच वेळात येणार. फरक नेटच्या वेगाचा. केवळ मराठीत प्रश्न विचारायचे, निबंधाचे मुद्दे काढायचे, पत्राचा मसुदा करायचा म्हणून कुणी कर्ज काढून, हप्ते बांधून भारी टॅब घेत असेल, तर थांबा. मुलाच्या बारावीसाठी घेत असाल तर पडदा मोठा आणि डोळ्यांना बरा, बॅटरी दिवसभर टिकणारी, खरी रॅम ६ ते ८ जीबी आणि पुढे किती वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट मिळणार याचं लेखी उत्तर, एवढं बघा. रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून तिथे मात्र कंजुषी करू नये.

काही गोष्टी नेटशिवाय चालल्या, त्याही सांगायला हव्यात. मराठी आवाज आधी उतरवून ठेवला तर टॅब मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. मला हवा असलेला दुसरा माणूस निम्मा तरी तिथे सापडला. आवाज सपाट आहे, पण गळलेला शब्द आणि दोनदा पडलेला शब्द त्यात पकडता येतो. भाषांतराचं मराठी पॅकही उतरवून ठेवता येतं. ही कामं माझा जुना ३ जीबीचा टॅबही करत होता, मला माहीत नव्हतं इतकंच. बोलून टंकायची सोय गुगलनं मराठीत २०१७ सालीच आणली. या पत्रातली काही पानं मी बोलूनच उतरवली आहेत. ‘बाड’चं तिनं ‘वाड’ केलं आणि ‘काकपद’चं ‘काका पद’. आमच्या धंद्यातले शब्द तिला कुणी शिकवलेच नाहीत.

इथे एक अडचण आपल्या घरची आहे आणि तिचा दोष कंपन्यांना देता येणार नाही. मराठी छापखान्यांतली कितीतरी पुस्तकं आजही युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना पान स्वच्छ मराठी दिसतं, पण टॅबच्या दृष्टीनं तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग असतो. त्या पीडीएफमधली ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की लगेच दिसतं. असल्या पीडीएफमधला मजकूर तसाच एआयला द्या, सारांश सोडाच, त्याला मोठ्यानं वाचताही येत नाही. पानाचं चित्र धरून अक्षरं ओळखायला लावली तर काही जमतं, पण त्यात रफार आणि अनुस्वार गळतात. आणि युनिकोडमध्येसुद्धा ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. दोनशे पानांत ‘वाऱ्या’ शोधताना मला अकरा मिळाले, नजरेनं वाचताना चौदा. प्रकाशकांनी युनिकोडकडे वळावं, हे मी गेली दहा वर्षं प्रत्येकाला सांगते आहे. आपलं लिखाणच यंत्राला वाचता येत नसेल तर यंत्र मराठी शिकणार कशावर?

तरीही कंपन्यांना विचारलंच पाहिजे. ॲपलच्या एआयला मार्च २०२५ च्या अखेरीस भारतीय वळणाचं इंग्रजी मिळालं, फ्रेंच, जर्मन, जपानी, कोरियन मिळाली, त्याच वर्षी पुढे डॅनिश आणि नॉर्वेजियनही मिळाली. डेन्मार्कची लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. डॅनिश लोकांना त्यांच्या भाषेत मिळालं याचा मला आनंदच आहे. एवढ्या लहान भाषेला मिळतं तर आपल्यालाही मिळू शकतं, एवढाच त्याचा अर्थ. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. आयआयटी मद्रासमधल्या एआयफोरभारत या संशोधन गटानं मराठीसह २२ भारतीय भाषांच्या भाषांतराचं मॉडेल खुलं करून ठेवलं आहे, भारतीय भाषांच्या भाषांतरासाठी केंद्र सरकारचं भाषिणी आहे. जमत नाही असं नाही. विकत घेणाऱ्यानं मागितलं नाही, म्हणून देणाऱ्यानं दिलं नाही.

मागायचं काय, तेही सांगते. टॅबच्या खोक्यावर, दर्शनी बाजूला आणि वाचता येईल अशा टायपात चार गोष्टी छापाव्यात. खरी रॅम किती, तिच्यात व्हर्च्युअल न मिळवता. कोणत्या एआय सुविधा नेटशिवाय टॅबच्या आत चालतात. त्या कोणकोणत्या भाषांत चालतात. आणि त्या किती वर्षं व कोणत्या तारखेपर्यंत फुकट आहेत. शेवटची बाब मी उगाच घातलेली नाही. सॅमसंगच्या जाहिरातींत गॅलेक्सी एआयच्या सुविधा २०२५ अखेरपर्यंत मोफत, अशी तळटीप बारीक अक्षरांत असायची. टॅब माणूस पाच-सहा वर्षांसाठी घेतो. त्याच कंपनीनं एक गोष्ट मात्र चांगली केली आहे. सेटिंगमध्ये ‘माहितीवर उपकरणातच प्रक्रिया करा’ असा पर्याय दिला आहे. तो चालू केला की ज्या सुविधा बंद पडतात त्या बाहेर जाणाऱ्या होत्या, हे आपोआप कळतं. दुकानात हा पर्याय चालू करून बघावा. विमान मोडसारखाच त्याचा उपयोग होतो.

असं छापणं अवघड आहे, हे मला मान्य नाही. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये आपल्या ‘कोपायलट प्लस’ नावाच्या एआयवाल्या संगणकांसाठी तीन आकडे उघड सांगितले: एआयच्या भागाची ताकद सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया, रॅम १६ जीबी, स्टोरेज २५६ जीबी. बसलं तर त्या नावानं विका, नाहीतर विकू नका. युरोपात २० जून २०२५ पासून प्रत्येक नव्या टॅबवर लेबल लागतं. बॅटरी किती तास चालते, पडल्यावर किती टिकतो, दुरुस्तीला किती सोपा, हे त्यावर असतं, आणि विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट देणं तिथे बंधनकारक केलं आहे. आपल्याकडे फ्रिजवरचे तारे २००६ पासून आहेत. माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं, पण दुकानात जाऊन ती तारे मोजून फ्रिज घेऊन आली. टॅबवरही आईला मोजता येईल असं काहीतरी हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा आणि क्षमता कळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेलाच आहे.

शेवटी मी काय घेतलं ते भाच्यालाही सांगितलं आणि इथेही सांगते. खरी ८ जीबी रॅम, पेन खोक्यातच, पडदा ११ इंचांच्या आसपास आणि अपडेटची वर्षं बिलावर लिहून घेतलेली, असा टॅब घेतला. एआयसाठी एक रुपयाही जास्त दिला नाही. साडेतीनशे पानांचं पुस्तक आता बोटासरशी उलटतं. २७,००० चा तो टॅब शेजारच्या दहावीतल्या मुलीला वापरायला दिला आहे, तिच्या कामाला तो पुरेसा आहे. लेखकांची बाडं मी अजूनही स्वतःच वाचते, आणि संध्याकाळी दिव्याखाली बसून टॅबकडून मराठी आवाजात ऐकते.

आपल्याला माझी विनंती अशी. आपल्याकडे नव्या मोबाइल-टॅबची ओळख करून देणारा मजकूर येतो. त्यात कॅमेरा, रंग, वजन, किंमत असते. यापुढे प्रत्येक टॅब एकदा विमान मोड लावून मराठीत तपासावा आणि काय चाललं, काय नाही ते छापावं. तपासायला वाक्यं लागतील. ऱ्हस्व-दीर्घ, रफार, ‘ऱ्या’, समास, गळलेला शब्द, दोनदा पडलेला शब्द, आणि मुळात बरोबर असलेली, ज्यांना हात लावायचा नाही अशी काही, मिळून वीस वाक्यं मी काढून ठेवली आहेत. उत्तरांचा कागद वेगळा केला आहे. आपण कळवलंत की दोन्ही लगेच पाठवते. त्याचं मानधन नको.

आपली नम्र,
एक मुद्रितशोधक
खणभाग, सांगली